पाच हजारांच्या अलीकडे काही नाही, पलीकडे कॅन्सर?

अनघा_न
बाबा ६८ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १३,२००, त्यात लिम्फोसाइट ६२ टक्के. ताप नाही, गाठ नाही, वजन आहे तेवढंच, हिमोग्लोबिन १३.८. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी, झाली. पहिले डॉक्टर म्हणाले, "सीएलएल आहे, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कॅन्सर, पण काळजी करू नका." बाबा बाहेर बिल भरत होते, आत आई आणि मी. 'पण'च्या पुढचं आईला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागद घेऊन गणित मांडलं. १३,२०० चे ६२ टक्के म्हणजे ८,१८४ लिम्फोसाइट. पण सीएलएल म्हणायची पाच हजारांची रेघ सगळ्या लिम्फोसाइटना नाही, फक्त एकाच वाणाच्या, म्हणजे क्लोनल बी-पेशींना आहे. फ्लोच्या रिपोर्टात त्या लिम्फोसाइटच्या ५५ टक्के. झाल्या साधारण ४,५००. म्हणून हे सीएलएल नाही, एमबीएल. मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस, त्याच्या आधीची पायरी.

औषध? दोघांकडूनही एक गोळी नाही. तीन महिन्यांनी सीबीसी. मग पाचशे पेशी इकडेतिकडे झाल्या म्हणून 'कॅन्सर' हा शब्द माणसाच्या कपाळी कशाला मारायचा? माझं म्हणणं, पहिल्या स्टेजच्या सीएलएललाही तो शब्द वापरू नये. बाबांना आम्ही 'पेशी जरा वाढल्यात' एवढंच सांगितलंय.

खडूस_काका
साफ असहमत. माझ्या बायकोला नऊ वर्षं सीएलएल आहे, राय स्टेज शून्य (आजार किती पुढे गेलाय ते सांगणाऱ्या पट्टीवरची सगळ्यात खालची पायरी), अजून एक गोळी नाही. पहिली दोन वर्षं तिला आम्हीही असंच काहीबाही सांगितलं होतं. मग कमरेला नागीण उठली. तिने चार दिवस गेरू लावला, कारण आपली प्रतिकारशक्ती कमी आहे हे तिला माहीतच नव्हतं. नागिणीची गोळी शक्यतो पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हवी. ती वेळ आमच्या मायेने घालवली. पुढे सहा महिने तिला परकराची नाडी सहन होत नव्हती.

अनघा_न
काका, काकूंचं वाचून वाईट वाटलं. पण त्यांना सीएलएलच आहे. बाबांना व्याख्येनेच कॅन्सर नाही.

सूक्ष्मदर्शी
व्याख्येबद्दल दोन शब्द, मी लॅबमध्ये असतो. २००८ पर्यंत पाच हजारांची रेघ एकूण लिम्फोसाइटवर होती. त्या हिशोबाने तुमच्या बाबांचे ८,१८४ म्हणजे सरळ सीएलएल. मग ती क्लोनल बी-पेशींवर आली, आणि वरची पातळी निदान तीन महिने टिकायला हवी. अनेकांचं रक्त होतं तसंच राहिलं, आजाराचं नाव तेवढं बदललं. पहिले डॉक्टर बहुधा एकूण आकडा बघून बोलले. (फ्लोच्या रिपोर्टात नुसते टक्के छापतात, गुणाकार नातेवाइकांनी करायचा.)

मात्र 'व्याख्येनेच नाही' यावर फार विसंबू नका. सीडी५, सीडी१९, सीडी२३ या पेशींवरच्या खुणा एमबीएल आणि सीएलएल दोन्हींत त्याच. काचेवरही आम्हाला वेगळं काही दिसत नाही. आणि मानेत किंवा काखेत त्याच पेशींची गाठ आली, तर आकडा पाच हजारांच्या खाली असूनही ते एमबीएल राहत नाही, एसएलएल होतं, लिम्फोमाचा, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचा प्रकार. दर भेटीत डॉक्टर गळा चाचपतात का, ते बघा.

एमबीएलमध्येही दोन जाती आहेत. ५०० च्या खालचं कित्येक म्हाताऱ्यांत सापडतं आणि बहुधा तसंच राहतं. बाबांचं वरच्या गटातलं. त्यात वर्षाला शंभरात एकदोघांना पुढे उपचारांची वेळ येते. जंतुसंसर्गाचा धोकाही वाढलेला असतो. तिथे काका बरोबर आहेत.

बाळू_बे_एरिया
मला एक कळत नाही. बाकी सगळीकडे 'लवकर पकडा, लवकर उपचार करा' आणि इथे हातावर हात? आपल्याकडे डॉक्टर टाळाटाळ तर करत नाहीत ना?

सूक्ष्मदर्शी
तुमच्याकडे अमेरिकेतही थांबतातच. फ्रान्समध्ये सुरुवातीच्या स्टेजला क्लोरॅम्ब्युसिल ही केमोची गोळी देऊन बघितली, आयुष्य वाढलं नाही. पुढे जर्मनीतल्या चाचणीत नवं इब्रुटिनिब दिलं. आजार वाढणं लांबलं, पण आयुष्याच्या हिशोबात फरक नाही, वर औषधाचे त्रास.

पॉलिसीवाला
शब्दाचंच चाललंय तर आमच्या धंद्यातली गंमत. क्रिटिकल इलनेस पॉलिसीत कॅन्सरची जी ठरलेली व्याख्या असते, तिच्यातून राय स्टेज ३ च्या खालचं सीएलएल वगळलेलं आहे. म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली येईपर्यंत शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांच्या लेखी कॅन्सर, फक्त विमा कंपनीच्या लेखी नाही. आणि नवी पॉलिसी काढताना एमबीएलसुद्धा फॉर्मवर लिहायचं हं. लपवलं तर क्लेम गेला.

अनघा_न
म्हणजे माझ्या बाजूने विमा कंपनी! ही सोबत नको होती.

खडूस_काका
कॅन्सर म्हणा, एमबीएल म्हणा, नाव तुमच्या मर्जीचं ठेवा. पण आकडा ज्याच्या रक्तातला त्याला कळू द्या. अडतीस वर्षं पैशाचा हिशोब चोख देणाऱ्या माणसाला तुम्ही 'जरा वाढल्यात' सांगता?

अनघा_न
अडतीस नाही, चौतीस. पण लागलं.

काल रात्री जेवणानंतर रिपोर्ट समोर ठेवला. बाबांनी चष्मा लावून गुणाकार स्वतः केला, दोनदा. वहीत ४,५०१ लिहून खाली रेघ मारली, तिच्याखाली ५,०००. म्हणाले, "सीटा भरत आल्यात. स्टँडिंग अजून सुरू नाही." मग आईवर चिडले, तीन आठवडे तोंड लपवून का फिरत होतीस म्हणून.

'कॅन्सर' शब्दाबद्दल माझं मत अजून तेच आहे, काका.

खडूस_काका
असू दे. न्यूमोनियाच्या आणि नागिणीच्या लशीचं डॉक्टरांना विचारलंत का? जिवंत जंतूंची लस नको, हे आधी सांगा.

अनघा_न
नाही विचारलं. सोमवारी जातोय. बाबांनी वहीत लिहून घेतलंय.