मदत हवी आहे : रेल्वेच्या प्रवासात पॅलिओ खाऊ काय न्यावा?

नमस्कार मंडळी, मे अखेरीस भुसावळहून वाराणसीला जातोय. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मिस्टरांनी पॅलिओ आहार सुरू केलाय. म्हणजे धान्य, डाळी, दूध-दही, साखर बंद. भाकरी, दशम्या गेल्याच, पण शेंगदाणेसुद्धा कडधान्यात मोडतात म्हणून तेही नाहीत! खान्देशात शेंगदाण्याशिवाय प्रवासाचा डबा भरायचा म्हणजे काय, ते इथल्या बायांनाच कळेल. शेंगदाणे वगळून भरीत करते, पण ते या उन्हात सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

उकडलेली अंडी सगळे सुचवतात. एक तर बाहेर दोन तासांपुढे ठेवू नयेत, आमच्याकडच्या उन्हात त्याहून कमी. दुसरं, काशीयात्रेत सासूबाईंसमोर अंडी काढायची माझी तरी हिंमत नाही.

सध्या ठरलंय ते असं: भाजलेले बदाम, अक्रोड, सुक्या खोबऱ्याचे काप, भोपळ्याच्या बिया, काकडी, थोडी कच्ची केळी. खजूर-बदामाचे लाडू मुलांनाही आवडतात, पण गोड किती देणार? खरी अडचण तिखट-चटपटीत खाण्याची आहे. केळीचे वेफर्स घरी खोबरेल तेलात तळले तर खवट न होता किती दिवस राहतात? आणि शेंगदाणे, डाळ न घालता तिळाची किंवा खोबऱ्याची कोरडी चटणी कोणी करत असेल तर प्रमाण सांगा ना.