क्रॉनमधनं बॅकअप होईना, हातानं मात्र चालतंय

उद्यमनगरकर:
भावांनो, वर्कशॉपच्या उबुंटू पीसीवर बिलांचा बॅकअप रोज रात्री ९:३० ला घ्यायला क्रॉनटॅबमधी (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या क्रॉनची यादी) लाईन टाकलीया, त्या दिवसाच्या तारखेच्या नावानं टार फाईल (सगळ्या फाईली एकत्र बांधलेली एकच फाईल) बनवायची. तीच कमांड टर्मिनलमधी पेस्ट केली की झ्याक चालत्या पण क्रॉनमधनं काहीच नाही, एरर बी दिसंना.

रंकाळ्याचं वारं:
तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलंयस न्हवं? क्रॉनटॅबमधी टक्का म्हणजे नवी ओळ, कमांड तिथंच तुटत्या. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश दे, नाहीतर सगळं स्क्रिप्ट फाईलीत टाकून क्रॉनमधनं फक्त ती फाईल चालव, मला तर हेच बरं वाटतंय.

शाहूपुरी_५:
आणि पाथ, म्हंजे कमांड न् फाईल कुठल्या फोल्डरात हाय तो पत्ता, पूर्ण लिही; टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांड शोधतंय ती यादी क्रॉनला मिळत नसतोय. आऊटपुट न् एरर दोन्ही लॉग फाईलीत वळव, म्हंजे बोंब कुठाय ते कळंल.

उद्यमनगरकर:
टक्काच होता, नाद खुळा! पण त्या टायमाला लाईट गेली तर?

रंकाळ्याचं वारं:
क्रॉन हुकलेलं काम परत करत नाही. सिस्टमडी टायमर (उबुंटूतलीच वेळेवर काम लावायची दुसरी सोय) लाव, त्यात पर्सिस्टंट ट्रू केलंस की पीसी चालू झाल्यावर राहिलेला बॅकअप आपोआप घेतंय. आणि बॅकअपची फाईल बिलं हायत त्याच डिस्कवर ठेवू नको बाबा.