आईला सीओपीडी आहे. भजन गाण्याचा तिला उपयोग होईल का?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझी आई सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी राहते. तिने आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही. परंतु लग्नानंतरची पुष्कळ वर्षे सरपणाच्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे गेली, आणि आता स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी) केल्यावर डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुप्फुसांच्या कायमच्या आजाराचे, निदान केले आहे. ती गावातील महिला भजनी मंडळात पुढे बसून गात असे. अलीकडे चरण अर्ध्यावर असतानाच दम तुटतो आणि चारचौघींत धाप लागते, म्हणून तिने मंडळात जाणेच सोडले. घराबाहेर पडण्याचे तिला तेवढेच एक निमित्त होते, त्यामुळे आजाराइतकीच मला या गोष्टीची काळजी वाटते.

परदेशात अशा रुग्णांना उपचाराचा भाग म्हणून गायला शिकवतात, असे वाचनात आले. त्यात तथ्य किती आहे, आणि आईने पुन्हा गायला सुरुवात केली तर फुप्फुसांवर ताण येऊन त्रास वाढेल का? डॉक्टरांनी तिला श्वासावाटे औषध घेण्याचा पंप (इनहेलर) दिला आहे. शेजारपाजारचे लोक ‘पंपाची सवय लागते’ असे तिला सांगतात, आणि गाण्याने बरे वाटले तर पंप बंद करण्याचा तिचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : श्वसनव्यायाम

मी फिजिओथेरपिस्ट असून श्वसनविकाराच्या रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करते. पंपाचा मुद्दा आधी घेते, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज आईंनी पंप बंद करू नये. पंपातील औषध आवळलेल्या श्वासनलिका सैल करते, आणि ते काम कोणत्याही गाण्याला साधणार नाही. पंप रोज लागतो तो आजार कायमचा आहे म्हणून. त्याला सवय म्हणणे चुकीचे आहे. तो घेण्याची पद्धत बरोबर आहे का, हे मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवावे.

आता गाण्याविषयी. सीओपीडीच्या रुग्णाला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक जड जाते. श्वासनलिका अरुंद झालेल्या आणि फुप्फुसांचा लवचीकपणा कमी झालेला, त्यामुळे आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. हवा आत साठत जाते, छाती फुगलेली राहते, श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) चपटे होऊन त्याची ताकद कमी पडते आणि मान-खांद्यांचे स्नायू श्वास ओढू लागतात. धाप लागली की माणूस घाबरतो, घाबरून भराभर श्वास घेतो, आणि त्याने आणखी हवा अडकते. गाताना याच्या नेमके उलट करावे लागते, कारण ओळ पुरी होईपर्यंत श्वास सावकाश आणि सारखा सोडावा लागतो, आणि पुढचा श्वास कोठे घ्यायचा हे आधीच ठरलेले असते. ओठांचा चंबू करून हळू फुंकर घालत श्वास सोडण्याचा जो व्यायाम आम्ही शिकवतो, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे.

पुराव्याबाबत मात्र संयमाने बोलले पाहिजे. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील 2012 च्या एका लहान चाचणीत काही रुग्णांना गायनवर्गात घेतले आणि इतरांना एकत्र चित्रपट पाहण्याच्या मंडळात. केवळ चार माणसांत मिसळल्याने बरे वाटते की गाण्याने, हे कळावे म्हणून ही योजना होती, आणि ती मला फार समर्पक वाटते. गाणाऱ्यांच्या शारीरिक आरोग्यविषयक गुणांत अधिक सुधारणा दिसली. त्यानंतर 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) अशा केवळ तीनच चाचण्या बसल्या, ज्यांत मिळून 112 रुग्ण होते. गाणे सुरक्षित दिसते, पण पुरावा कमी दर्जाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. सर्वांत मोठी चाचणी डेन्मार्कमधील असून ती 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे 270 रुग्णांचे दोन गट करून दहा आठवड्यांच्या पुनर्वसनात एका गटाला नेहमीचा व्यायाम आणि दुसऱ्याला त्याऐवजी गायन दिले, आणि सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतराच्या कसोटीवर गाणारा गट व्यायाम करणाऱ्या गटाच्या मागे पडला नाही. हे उत्साहवर्धक आहे. पण दोन्ही गटांतील सरासरी वाढ माफकच होती, आणि गायन घेणारे शिक्षक या कामासाठी तयार केलेले होते. म्हणून आईंचे रोजचे चालणे चालू ठेवावे आणि गाणे त्याच्या जोडीला घ्यावे. झालेली झीज गाण्याने भरून येणार नाही. परंतु आहे त्या फुप्फुसांनिशी धाप आवरण्याचे कौशल्य येऊ शकते, आणि रोजच्या जगण्यात त्याचे मोल मोठे आहे.

उत्तर : इंग्लंडस्थित

माझे सासरे इंग्लंडमध्ये अशाच एका गायनगटात जातात, म्हणून तेथे प्रत्यक्ष काय चालते ते सांगते. आठवड्यातून एकदा साधारण तासभर वर्ग असतो. सर्वजण खुर्च्यांवर बसतात; ज्यांना झेपेल ते मधून मधून उभे राहतात. आधी खांदे, मान आणि पाठ मोकळी करतात, मग श्वासाचे व्यायाम, नंतर ‘स्‌ऽऽ’ किंवा ‘म्‌ऽऽ’ असे लांबवलेले आवाज, आणि त्यानंतर गाणी. एक ओळ एका गटाने, पुढची दुसऱ्याने अशी विभागणी असल्यामुळे प्रत्येकाला विसावा मिळतो. गळा चांगला असण्याची अट नाही. मला सर्वांत भावले ते हे की तेथे कोणाला खोकला आला, कोणी मध्येच थांबले, तरी कोणीही वळून पाहत नाही. आपल्या आईंना चारचौघींत धाप लागण्याचा संकोच वाटतो, तो अशा ठिकाणी आपोआप गळून पडतो.

याच विचारातून इंग्लिश नॅशनल ऑपेरा ही संस्था आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज हेल्थकेअर यांनी 2020 मध्ये, कोविडनंतर ज्यांची धाप जात नव्हती अशा रुग्णांसाठी ऑनलाइन वर्ग सुरू केले. त्यांचा पाया अंगाईगीतांचा होता, कारण ती संथ, सोपी आणि मनाला शांत करणारी असतात. 150 रुग्णांच्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर मानसिक स्वास्थ्याच्या गुणांत सुधारणा दिसली; शारीरिक गुणांत मात्र फरक पडला नाही. आजार वेगळा असल्याने तुलना जपूनच करावी. पण आपल्याकडे ओव्या आणि पाळणे यांचे केवढे मोठे भांडार आहे, हे त्या वेळी प्रकर्षाने मनात आले.

उत्तर : मंद्रषड्ज

मी गायन शिकवतो. वैद्यकीय बाजूबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण आईंना पुन्हा गाते करायचे असेल तर गाण्याची रीत थोडी बदलावी लागेल. मंडळाची पट्टी बहुधा चढी असते, आणि चढ्या पट्टीत जोर लावताना मान आखडते, खांदे वर जातात. घरी त्यांनी दोन-तीन स्वर खालच्या पट्टीत, आवाज न चढवता, ठाय म्हणजे संथ लयीत गावे. चरण एका दमात म्हणण्याचा हट्ट सोडून अर्थ जेथे तुटत नाही अशी श्वासाची जागा आधी हेरून ठेवावी, आणि दम पूर्ण संपण्याआधीच तेथे थांबावे. ओव्या यासाठी फार सोयीच्या आहेत, कारण त्यांचे तुकडे लहान असतात आणि जात्यावर दळताना म्हणायच्या असल्यामुळे श्वासाची सोय त्यांच्या चालीतच आहे. ताना आणि शेवटी लय वाढत जाणारा गजर सध्या टाळावा.

मंडळात परतल्यावर त्यांनी लगेच पुढे बसून चरण घेण्याऐवजी झील धरावी, म्हणजे मागून इतरांबरोबर साथीला गावे. चरण दुसरीने म्हणेपर्यंत त्यांना विसावा मिळेल आणि गाण्यातला सहभागही राहील. झील धरणाऱ्यांवाचून भजन उभे राहत नाही, त्यामुळे ही जागा दुय्यम आहे असे त्यांना कोणी वाटू देऊ नये.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. मंडळ देवळाच्या गाभाऱ्यालगत जमिनीवर मांडी घालून बसते आणि तेथे उदबत्ती, धूप सतत चालू असतो. शिवाय आई सकाळी दूरदर्शन संचावर पाहून कपालभाती करू लागली आहे. हे चालेल का?

श्वसनव्यायाम

धूर चालणार नाही. ज्या कारणाने आजार झाला त्याच जातीची ती गोष्ट आहे. भजन संपल्यावर धूप लावावा, अशी विनंती मंडळातील ज्येष्ठ बायकांना आईंच्या वतीने आपणच करावी, आणि तोपर्यंत आईंनी सभामंडपाच्या मोकळ्या बाजूस बसावे. मांडी घालून पुढे वाकले की पोट दाबले जाते आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून पाठीला आधार असलेली खुर्ची किंवा निदान उंच पाट द्यावा. कपालभातीतील झटक्याचा उच्छ्वास अशा रुग्णाच्या श्वासनलिका मिटवू शकतो, त्यामुळे तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. श्वास रोखून धरणेही नको. त्याऐवजी तोंड मिटून हळू गुणगुणणे चालेल.

गाताना तत्काळ आराम देणारा पंप जवळ असावा. दोन ओळी म्हणून झाल्यावर एक पूर्ण वाक्य सहज बोलता आले, तर श्रम योग्य मापाचे आहेत असे समजावे. ताप असेल, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला असेल, नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर गाणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळसर दिसले किंवा कफातून रक्त पडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.