मदत हवी आहे: पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक कॅलिपर घरी सुरक्षितपणे कसा काढावा?

नमस्कार. मी अंबाजोगाईजवळच्या एका गावात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्याकडे २०१३ सालची छोटी पेट्रोल गाडी असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी दर पंधरा दिवसांनी आम्हाला लातूरला जावे लागते, त्यामुळे या गाडीचा ब्रेक हा माझ्यासाठी काळजीचा विषय आहे.

गेल्या आठवड्यात लातूरहून परतताना रेणापूर ओलांडल्यावर गाडी डावीकडे ओढू लागली. ब्रेकवर पाय नसतानाही स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावे लागत होते. थोड्या वेळाने जळल्यासारखा वास आला म्हणून गाडी कडेला घेतली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती. पुढच्या डाव्या चाकाजवळ मात्र हात धरवत नव्हता. बाटलीतले पाण्याचे दोन थेंब रिमवर टाकले तर ते चर्र करून उडाले. अर्धा तास गाडी थंड होऊ दिली आणि तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक शक्य तितका कमी वापरत घरी आलो.

घरी चाक काढून पाहिले. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या (पॅड दाबणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा, म्हणजे आतला पॅड झिजून जेमतेम दोन मिलिमीटर उरला आहे, तर बाहेरचा पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. गेल्या पावसाळ्यात गाडी दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि त्याआधी शेतरस्त्यावरच्या चिखलातून बरीच फिरली होती, हेही सांगितले पाहिजे. एका गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा चाक न उघडताच दोन्ही बाजूंचे कॅलिपर नवीन टाकावे लागतील असे सांगण्यात आले. खर्च करायला माझी ना नाही, पण बिघाड नेमका कोणता आहे हे पाहिल्याशिवाय मला तो पटत नाही. आमच्या विहिरीवरच्या पंपाची कामे मी स्वतः करतो, पाने आणि गोट्या (सॉकेट) घरात आहेत. ब्रेकला मात्र आजवर हात लावलेला नाही.

गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तीन टनांचा बाटली जॅक माझ्याकडे आहे. अंगणात शाहाबादी फरशी आहे, तिच्या पलीकडे काळी माती आणि समोरचा रस्ता उताराचा. यांपैकी कुठे गाडी उचलावी? कॅलिपर काढताना ब्रेक ऑइलची नळी सोडवावीच लागते का? आणि काम संपल्यावर ब्रेक खरोखर नीट बसला आहे याची खात्री कशी करावी? ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

सर, ब्रेक हा घरी शिकण्याचा विषय नव्हे. आईंना घेऊन जायचे आहे तर चांगल्या गॅरेजमध्ये समोर उभे राहून काम करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २

गुरुजी, मी नांदेडला बावीस वर्षे गाड्यांचे काम करतो. वरच्या प्रतिसादातली काळजी योग्यच आहे, पण आपण चाक काढून दोन्ही पॅड पाहिलेत आणि फरक टिपलात, तेव्हा पुढचे कामही आपण सावकाश केले तर जमेल. मात्र आपल्या आवारात अनुभवी माणूस येऊ शकत असेल तर पहिल्या वेळी त्याला शेजारी बसवा.

आधी जागेबद्दल, कारण या कामात माणसे ब्रेकमुळे नव्हे, गाडी अंगावर आल्यामुळे जखमी होतात. काळ्या मातीवर गाडी उचलूच नका. वरून टणक दिसली तरी खाली ओल असते आणि जॅक एका बाजूला खचतो. उताराचा रस्ताही नको. शाहाबादी फरशी चालेल, पण जॅक जिथे ठेवणार तिथे आधी हातोडीने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर त्या फरशीखालची भर खचलेली आहे आणि जॅकचा भार एका ठिकाणी आला की ती मधोमध तडकेल. भरीव आवाज येईल तिथे बाभळीची किंवा सागाची दोन इंच जाड, चांगली रुंद फळी टाका आणि तिच्यावर जॅक ठेवा.

उचलण्यासाठी गाडीचाच जॅक वापरा, कारण त्याचे डोके दाराखालच्या पट्टीवरच्या खाचेत बसते. बाटली जॅकचे टोक त्या पट्टीवरून सटकू शकते. पण कोणताही जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. टायरच्या दुकानातून दोन दिवसांसाठी लोखंडी जॅक स्टँड मागून आणा आणि गाडीचा भार त्यावर उतरवल्याशिवाय हात आत घालू नका. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीही लावू नका. ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. काढलेले चाक आणि स्टेपनी दोन्ही आडवी करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा, म्हणजे स्टँड सरकला तरी गाडी जमिनीपर्यंत येणार नाही. पहिला गिअर, ओढलेला हँडब्रेक आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड एवढे झाल्यावर, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.

आता कॅलिपर काढण्याआधी एक परीक्षा करा, कारण तिच्यामुळे बिघाडाची जागा कळते. चाक उचललेले असताना गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, नाहीतर गिअरमुळेच चाक फिरणार नाही, आणि कोणाला तरी ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा. चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरच्या वरच्या टोकाला असलेल्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा उघडा. ऑइल जोराने आले आणि चाक मोकळे झाले तर दाब आत अडकलेला आहे. म्हणजे रबरी नळी आतून फुगून बंद झाली आहे किंवा दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागात) आहे, आणि अशा वेळी नवीन कॅलिपर टाकूनही चाक पुन्हा तापेल. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजल्या आहेत. आपला आतला पॅड जास्त झिजला आहे, त्यावरून माझा पहिला संशय पिनांवर जातो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड कामच करत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो.

नळीबद्दल आपण विचारले आहे. पॅड आणि पिना पाहण्यासाठी नळी सोडवावी लागत नाही आणि सोडवूही नका. ती जोडणारा पोकळ बोल्ट एकदा उघडला की ऑइल वाहते, हवा आत शिरते आणि त्याचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवीन टाकावे लागतात. फक्त पिनांचे दोन बोल्ट काढा. बोल्ट मागच्या बाजूने असतात, म्हणून समोरून पाहताना दिशा उलटी वाटते. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून डावीकडे फिरवा. बोल्टसोबत पिनही गरगर फिरू लागली तर तिच्या चपट्या भागाला पातळ पाना लावून धरा. कॅलिपर निघाला की तो नळीवर एक क्षणही लोंबकळू देऊ नका. तारेचा आकडा करून शॉकअबसॉर्बरच्या स्प्रिंगला टांगा. नळीच्या आतला थर ताणला गेला तर बाहेरून काहीच दिसत नाही.

कॅलिपर निघालेला असताना ब्रेकचे पेडल कोणीही दाबता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. गाडीत मुले खेळत असतील तर दारे कुलूपबंद करा. काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नका, कारण जुन्या आणि स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. नाकाला फडके बांधा आणि ओल्या कापडाने पुसा. पिस्टन आत ढकलण्याआधी बॉनेटखालची ऑइलची टाकी पाहा. ती काठोकाठ भरलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्या, कारण पिस्टन आत गेला की पातळी वर येते आणि सांडलेले ऑइल गाडीचा रंग उचलते. जुना पॅड मध्ये ठेवून शिकंजा (सी-क्लॅम्प) सावकाश आवळा. पिस्टन सरळ आत गेला तर तो ठीक आहे. खूप जोर लावूनही हलला नाही तर तिथेच थांबा, कारण त्यापुढचे काम अंगणातले नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मिस्त्री दादा, आपण एवढा वेळ काढून लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपण सांगितले तसे फरशी ठोकून पाहिली तेव्हा तुळशीजवळच्या दोन फरश्या पोकळ निघाल्या. मी तिथेच जॅक ठेवणार होतो. स्टँड टायरच्या दुकानातून मिळाला. शाळेतले एक सहकारी सोबत होते.

निपल उघडला, ऑइल बेताने आले, पण चाक मोकळे झाले नाही. कॅलिपर काढल्यावर वरची पिन बोटाने सरकत होती, खालची मात्र जागची हलत नव्हती. तिच्या रबरी टोपीला भेग होती. पान्याने डावी-उजवीकडे फिरवत पाऊण तासाने ती बाहेर आली, तेव्हा तिच्यावर ओल्या तपकिरी गंजाचा थर आणि चिखलाचे कण होते. पिस्टन शिकंज्याने सहज आत गेला.

आता तीन शंका आहेत. घरात ट्रॅक्टरचे पिवळे ग्रीस आहे, ते पिनेला चालेल का? दोन्ही पिना सारख्याच दिसतात, पण खालच्या पिनेच्या टोकाला रबराचे कडे आहे; ती वर बसवली तर चालेल का? आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते मोजणारा पाना) नसताना बोल्ट किती आवळावा?

प्रतिसाद २ देणाऱ्याचे उत्तर

गुरुजी, आपले कॅलिपर चांगले आहेत. दुकानातून पिनांचा आणि टोप्यांचा संच आणि दोन्ही बाजूंचे पॅड घ्या. पॅड एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लागताना गाडी ओढेल. ट्रॅक्टरचे ग्रीस अजिबात लावू नका. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते. ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकॉन ग्रीसची छोटी नळी मिळते, तिचा पातळ थर पुरतो. भोकात भरपूर कोंबले तर हवा दबून पिन पूर्ण आत बसत नाही. भोक पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, ब्रेक क्लीनर वापरा. रबरी कडे असलेली पिन जिथून निघाली तिथेच बसवा.

आवळण्याचा नेमका आकडा आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतला घ्या. छोट्या गाड्यांत पिनांचे बोल्ट साधारण २२ ते ३५ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतात. टॉर्क पाना मिळालाच नाही तर कापूस तोलायचा लटकता काटा घ्या. बोल्टच्या मध्यापासून २५ सेंटीमीटरवर पान्याला काटा अडकवून काटकोनात ओढा. काट्यावर १० किलो दिसले की जवळपास २५ न्यूटन मीटर झाले. पंपाच्या बोल्टसारखा अंगाचा जोर लावलात तर हा बारीक बोल्ट तुटेल.

सगळे बसल्यावर गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या चार-पाच दाबांना ते खालपर्यंत जाईल, कारण पिस्टन आत ढकललेला आहे, आणि नेमक्या याच वेळी लोक गिअर टाकून निघतात. नंतर टाकीतली पातळी पाहा आणि झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिले आहे ते वाचून तेच ऑइल, नव्या सीलबंद बाटलीतून घाला. निपल उघडला होता म्हणून पेडल मऊ लागले तर हवा काढावी लागेल: दाबून धरा, निपल उघडा, निपल बंद करा, मगच पाय उचला.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

पिनांचा संच अंबाजोगाईत मिळाला नाही, लातूरहून मागवला. आज सकाळी डावी बाजू पूर्ण झाली. पेडल सहाव्या दाबाला घट्ट झाले आणि तसेच राहिले. आधी अंगणात, मग गावाच्या मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगाने दहा वेळा ब्रेक लावून पाहिला आणि त्यानंतर एकटाच बर्दापूरपर्यंत जाऊन आलो. स्टिअरिंग सैल धरले तरी गाडी सरळ चालली. परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांना हात लावला. डावे चाक सुखाने हात ठेवता येईल इतकेच कोमट होते आणि या वेळी उजवे त्याहून थोडे अधिक गरम लागले. उजव्या बाजूचे पॅड अजून जुनेच आहेत. स्टँड रविवारी परत करायचा आहे, म्हणून उद्या शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर उजवी बाजू उघडतो आणि त्या पिना कशा निघतात ते इथे कळवतो. तोपर्यंत आईची लातूरची तारीख एक आठवडा पुढे घेतली आहे.