बंद कारखान्याच्या भिंतीवरचं चित्र: कला की विद्रूपीकरण?

विजापूर वेस
सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे एका बंद पडलेल्या माग कारखान्याच्या भिंतीवर कुणीतरी रातोरात चित्र काढलंय. म्हातारा मागावर बसलाय, पण मागातून चादरीऐवजी दुकानाचं बिल निघतंय. हातभर रुंद, त्याच्या गुडघ्यांवरून घसरत थेट गटारीपर्यंत. बिलाच्या काठावर आपल्या सोलापुरी चादरीवरचा मोर आहे आणि पिसाऱ्यात डोळ्यांच्या जागी बारकोड. गाडी लावून दहा मिनिटं बघत उभा होतो. आठवड्याच्या आत त्यावर सेलचं पोस्टर चिकटलं, नेमकं म्हाताऱ्याच्या तोंडावर. पोस्टरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, चित्राला मात्र 'भिंत घाण केली' म्हणायलेत. सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत नजर जाईल तिथे कुणीतरी काहीतरी विकतंय. काहीही न विकणारी भिंत गावात असावी, असं माझं ठाम मत आहे.

नवी पेठ दुकानदार
मला हे पटत नाही. भिंतीला मालक आहे. विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा विनापरवाना पोस्टरला लागू, तसाच चित्रालाही. आणि खरेदीला नावं ठेवताना दुकानात कोण राबतं तेही बघा. माझ्याकडे चार पोरं आहेत, दिवाळीच्या पंधरा दिवसांवर त्यांच्या घरचं वर्ष निघतं.
शिवाय ही टीकासुद्धा शेवटी बाजारातच जाते. बँक्सी या निनावी ब्रिटिश भिंतचित्रकाराचं फुगा आणि मुलगी असलेलं चित्र २०१८ मध्ये लंडनला लिलावात सुमारे साडेदहा लाख पौंडांना गेलं आणि हातोडा पडताच चौकटीतल्या यंत्रानं अर्धं फाडलं. बाजाराला चपराक म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तेच फाटकं चित्र २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांना विकलं गेलं. मग चपराक बसली कुणाला?

विजापूर वेस
दादा, लिलावातलं चित्र आणि भिंतीवरचं चित्र यांत फरक आहे. त्याच बँक्सीनं २०११ मध्ये लंडनच्या मेफेअरमध्ये इमारतीवर उंचावर, खरेदीच्या ट्रॉलीसकट खाली कोसळणारी बाई काढली. ती रस्त्यावरून जाणाऱ्या कुणासाठीही होती. कायद्याचं म्हणाल तर ब्राझीलच्या साओ पाउलोनं २००७ पासून जाहिरातींचे मोठे फलकच शहरातून उतरवले. दुकानं तरीही चालू राहिली.

सिद्धेश्वर तळ्याकाठचा
आधी चौकाचौकातले वाढदिवसाचे डिजिटल फलक उतरवा, मग चित्राचं बघू.

नवी पेठ दुकानदार
फलकांबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता काढायचं, हे मला मान्य नाही.

पूर्व भागातली
मी पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या घरातली. वडील यंत्रमागावर होते, आई कांड्या भरायची. चित्र बघून आले, रडू आलं. तरी दोघांनाही सांगायचंय.
विजापूर वेस भाऊ, खरेदी वाईट म्हणून चालणार नाही. लोकांनी चादर घेतली तरच आमची चूल पेटते. पण दुकानदार काका, आईच्या लग्नातली चादर आजही घरात आहे. दोन्ही बाजूंनी वापरतो, रंग उतरला पण वीण हलली नाही. अशी टिकणारी वस्तू आज गिऱ्हाइकाला महाग वाटते आणि 'सोलापुरी' म्हणून बाहेरगावचा पातळ माल दोन धुण्यांत विरतो. चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे इथल्याच मालाला हे नाव असा सरकारी शिक्का, मिळालंय, पण रस्त्यावर घेणारा ते कुठे बघतो? स्वस्त घ्या, फेका, पुन्हा घ्या, या सवयीनं आमचे माग बसले. चित्रात मला तेच दिसलं.
एक चूक मात्र मनाला लागली. यंत्रमागावर कुणी बसून विणत नाही. माणूस चार मागांमधून बारा तास फिरत असतो, तुटलेला दोरा दिसला की सांधतो. वडलांच्या पोटऱ्यांच्या शिरा त्यानंच फुगल्या होत्या. ज्यानं काढलं तो हे वाचत असेल तर पोस्टर खरवडून म्हातारा पुन्हा काढावा, उभा. भिंतीच्या मालकाला मी विचारते, आमच्याच गल्लीत राहतात.