मदत हवी आहे: आईबाबांसाठी कुठली क्रूझ? मुंबईची एम्प्रेस की सिंगापूरची गेंटिंग ड्रीम?

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात. हॉल, केटरर, स्टेजवर बसवून रांगेने फोटो हा प्रकार दोघांनाही नको आहे. पुण्याचा भाऊ म्हणाला, क्रूझवर नेऊया. मी हो म्हटले आणि चौकशीचे सगळे लोढणे माझ्या गळ्यात आले. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. जाणारे सहाजण: आईबाबा, भाऊ-वहिनी, मी आणि माझी आठवीतली लेक.

शोधाशोध करून दोन जहाजांवर येऊन थांबलो आहोत.

एक, कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस. मुंबईहून सुटते, गोवा, लक्षद्वीप, कोची अशा वेगवेगळ्या फेऱ्या असतात. जहाज १९९० सालचे, फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेले. आधी रॉयल कॅरिबियनकडे 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून होते, २०२१ पासून आपल्याकडे आले. लांबी २११ मीटर, साधारण ४८,५०० टन, आठशेच्या आसपास केबिन.

दुसरे, गेंटिंग ड्रीम. २०१६ साली जर्मनीत पापेनबुर्गला बांधलेले, ३३५ मीटर लांब, दीड लाख टनांचे, १८ डेकचे धूड. सिंगापूरहून पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत अशा दोन-तीन रात्रींच्या फेऱ्या करते.

कागदावर बघितले तर दुसरे नवे, मोठे, म्हणून सरस. पण आमच्या घरची मंडळी कागदावर बसत नाहीत.

बाबांची उभी हयात जुवारी नदीवर गेली. सावर्डे-कुडचड्याहून खनिज भरून मुरगाव बंदरात नेणाऱ्या बार्जवर ते इंजिन ड्रायव्हर होते. जहाज ठरवायचे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाचा. मी दोन्ही जहाजांच्या डेक प्लॅनच्या प्रिंट काढून दिल्या, तर चष्मा कपाळावर चढवून, लेकीच्या कंपासातली पट्टी घेऊन रात्री जेवणाच्या टेबलावर मापे काढत बसले. स्विमिंग पूल, थिएटर, रेस्टॉरंट यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. इंजिनरूमच्या जागी नुसता पांढरा कागद आहे म्हणून मात्र भडकले. "नव्वद सालचे इंजिन म्हणजे आमच्या वेळचे. ते कळते तरी," असे त्यांचे मत. म्हणजे कौल एम्प्रेसला.

आईचे वेगळेच. तिला बोट लागते. लहानपणी मालवणहून पणजीला बोटीने येताना जे झाले ते ती अजून चवीने सांगते. गुडघे दुखतात, जिने नकोत. सोमवार आणि एकादशीला शिवराक (शाकाहारी), आणि एरवी तेच तेल मासे तळायला वापरले असेल का ही शंका कायमची. भाऊ म्हणतो, "एम्प्रेसने जाऊन उतरायचे कुठे, तर मुरगावला! पैसे भरून शेजारचे वास्को बघायचे?" यावर आमच्याकडे दोन दिवस हसणे चालू होते, पण मुद्दा खरा आहे. गोव्याचा थांबा असलेली फेरी घेतली तर आमचा एक दिवस फुकट. लक्षद्वीपची घेतली तर दिवस वाढतात.

पणजीच्या एजंटाने दिलेली कोटेशन्स शेजारी ठेवली तर एम्प्रेसच्या पाच रात्री आणि ड्रीमच्या तीन रात्री जवळजवळ सारख्याच पडतात; सिंगापूरला विमान आणि व्हिसा वरून.

तर प्रश्न असे. बोट लागणाऱ्या माणसाला यातले कुठले बरे? सत्तरीच्या गुडघ्यांना मोठे जहाज सोयीचे की छोटे? शिवराक जेवणाचा अनुभव कसा? आणि केबिन कुठली घ्यावी, बाल्कनीला जास्त पैसे मोजावेत का? गेलेल्यांनी सविस्तर लिहावे. 'दोन्ही छान आहेत' असे उत्तर कृपया नको, ते एजंटाने दिले आहे.

— फोंडेकरीण

पावभाजीपाटो: एम्प्रेस. आपला देश, आपले पैसे, पासपोर्टची कटकट नाही. आधार कार्ड दाखवा आणि चढा. सत्तरीच्या माणसांना इमिग्रेशनच्या रांगेत कशाला उभे करता?

म्हापशेकर: आम्ही एम्प्रेसवर मुंबई-लक्षद्वीप केले आहे. जेवण भारतीय पद्धतीचे, शिवराकच काय, जैनसुद्धा मिळते. आईंना त्याची चिंता नको. रात्रीचे कार्यक्रम हिंदी, गर्दी आपल्यासारखीच, त्यामुळे ज्येष्ठांना परके वाटत नाही. पण एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून बेटावर नेतात. छोटी बोट लाटेवर वर-खाली होत असते, खालचा माणूस हात धरतो आणि 'आता' म्हणाला की पाय टाकायचा. माझ्या सासूबाईंनी ते बघितले आणि जहाजावरच थांबल्या. गुडघे दुखत असतील तर याचा नीट विचार करा. शिवाय समुद्र खवळलेला असला तर बेटावर उतरणेच रद्द होते.

तारवटी_वास्को: ताई, क्रूझ जहाजांच्या इंजिन डिपार्टमेंटमध्ये बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी टनांचे बघू. ते ४८ हजार किंवा दीड लाख हे जहाजाचे वजन नव्हे. आतली बंदिस्त जागा किती, त्याचे ते माप. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी किती मोकळीक आहे ते कळते. केबिनमध्ये दोघे धरले तर एम्प्रेसवर सुमारे सोळाशे प्रवासी, म्हणजे भागाकार तीसच्या आसपास. ड्रीमवर ३,३५० च्या घरात, भागाकार ४५. म्हणजे माणसे दुप्पट असूनही ड्रीमवर खेटाखेटी कमी वाटायला हवी. पण सुट्टीच्या हंगामात एकेका केबिनमध्ये तिघे-चौघे असतात, तेव्हा हा हिशेब दोन्हीकडे कोलमडतो. म्हणून शाळांच्या सुट्ट्या टाळा, चिनी नववर्षही टाळा. ते बहुधा फेब्रुवारीतच येते, आणि सिंगापूरहून सुटणारी जहाजे त्या आठवड्यात ओसंडून वाहतात.

आता बोट लागणे. मोठे जहाज कमी हलते हे बरोबर, आणि बाजूला डोलणे कमी करायला बाहेर काढायचे पंखांसारखे फिन असतात. पण जहाजापेक्षा समुद्र कुठला आणि महिना कुठला हे जास्त महत्त्वाचे. आपला अरबी समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय असतो ते मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहिले तरी कळते. डिसेंबर ते मार्च तोच समुद्र तळ्यासारखा शांत. ड्रीम जाते ती मलाक्काची सामुद्रधुनी तर दोन्ही बाजूंनी जमिनीने अडवलेली, तिथे मोठी लाट उठायला जागाच नाही. फेब्रुवारीत दोन्ही चालतील, पण पारडे मलाक्काकडे.

केबिन मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर घ्या. कदंबा बसच्या मागच्या सीटवर बसून चोर्ला घाट चढणे आणि मधल्या सीटवर बसून चढणे यात जो फरक, तोच जहाजाच्या टोकाच्या आणि मधल्या केबिनमध्ये. एजंट 'वरचा डेक, उत्तम व्ह्यू' म्हणून जास्त पैसे लावेल, आईंसाठी तोच सर्वांत जास्त डोलणारा. शिवाय केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते डेक प्लॅनवर बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप लागते. वर पूल डेक असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर असले तर मध्यरात्रीपर्यंत ढोल.

गुडघ्यांसाठी मोठे जहाज सोयीचे असे सगळे समजतात. लिफ्ट भरपूर असतात हे खरे, पण ३३५ मीटरच्या जहाजात केबिन एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला आले तर आई दिवसातून चारदा फर्लांगभर चालतील. मधल्या लिफ्टजवळची केबिन मागा. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, ऐनवेळी मिळत नाही.

बाबांना सांगा, एम्प्रेसला त्यांच्या ओळखीची सरळ शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा) आणि दोन पंखे आहेत. ड्रीमला शाफ्ट नाहीच. इंजिने नुसती वीज तयार करतात, आणि पंखे फिरवणाऱ्या मोटारी जहाजाच्या बाहेर, पाण्याखाली लटकवलेल्या पॉडमध्ये असतात. पॉड गोल फिरतो, त्यामुळे सुकाणूही लागत नाही. इंजिनरूम मात्र प्रवाशांना बघू देत नाहीत, दोन्हीकडे.

फोंडेकरीण: दादा, हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. 'सुकाणू नाही' म्हटल्यावर पेपर खाली ठेवला. आता त्यांचा प्रश्न: पॉडची मोटार पाण्यात बंद पडली तर?

तारवटी_वास्को: एक बंद पडला तर दुसऱ्यावर चालते, एकाहून जास्त असतात ते त्यासाठीच. मोठी दुरुस्ती सुक्या गोदीत. त्यांना म्हणावे, प्रश्न अगदी बरोबर विचारलात.

तिसवाडीची_सून: सिंगापूरचे ठरत असेल तर व्हिसाचे आधी बघा. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि क्रूझ संपल्यावर तुम्ही सिंगापुरात पुन्हा शिरता, म्हणून मल्टिपल एंट्रीच हवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक आहे ना, तेही आजच तपासा. ज्येष्ठांचे पासपोर्ट कपाटात पडून संपलेले असतात. विमान जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीचे घ्या. मोपा विमानतळाहून मुंबई किंवा बंगळूरूमार्गे जाताना एक विमान चुकले की जहाज गेले, ते कुणासाठी थांबत नाही. आणि प्रवास विमा काढाच. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल परदेशी चलनात येते. रक्तदाब, साखर जे असेल ते अर्जात खरे लिहा, नाहीतर क्लेम अडकतो.

कोटेशनमध्ये काय धरले आहे ते ओळीओळीने विचारा. बंदराचे शुल्क, कर, कर्मचाऱ्यांची रोजची टिप हे बहुतेकदा मागाहून चढते. वायफाय आणि दारू वेगळी. परदेशी पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतलेला आयकर) कापतात तो रिटर्न भरताना वळता होतो, त्याला खर्चात धरू नका.

पावभाजीपाटो: बघा, म्हणून म्हटले एम्प्रेस. यातले काहीच लागत नाही.

म्हापशेकर: तुम्ही गेला आहात का एम्प्रेसवर?

पावभाजीपाटो: मुरगावला उभे असताना बाहेरून पाहिले आहे. भव्य आहे.

डिचोलीच्या_मामी: बाबांना इंजिन, भावाला वास्को, एजंटाला कमिशन. आईंना विचारलेत का कुणी, त्यांना काय हवे?

फोंडेकरीण: मामी, काल विचारले. भाकऱ्या थापता थापता तिने सांगितले, "मला कुठे नेता त्याचे काही नाही. छोट्या होडीत उतरायला लावू नका, आणि खोलीत बसून बाहेर बघता आले पाहिजे. वारा लागला की मला मळमळत नाही." म्हणजे लक्षद्वीप बाद आणि बाल्कनी हवी. एम्प्रेसवर बाल्कनीच्या केबिन थोड्या आहेत आणि एजंट म्हणतो आमच्या तारखांना मधल्या भागातली एकही नाही. ड्रीमवर बहुतेक केबिनना बाल्कनीच आहे.

बाबांचे मन अजून वळले नव्हते. ते भावाने फोनवर वळवले. मलाक्का म्हणजे जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक, टँकर आणि कंटेनरची जहाजे दिवसरात्र ये-जा करतात, बाल्कनीत बसून मोजत बसा, असे त्याने सांगितले. दुर्बीण कुठे ठेवली आहे ते आता शोधणे चालू आहे.

तर गेंटिंग ड्रीम, तीन रात्री, चिनी नववर्षाचा आठवडा सोडून. बाल्कनी, मधला भाग, लिफ्टजवळ. शिवराकचे लेखी कळवायला एजंटाला सांगितले आहे. भारतीय शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळते असे तो म्हणतो. बोट लागू नये म्हणून गोळी कुठली ते आमच्या डॉक्टरांनाच विचारणार, तिची रक्तदाबाची गोळी चालू आहे.

आता शेवटचा प्रश्न. फेरीत पेनांग आहे, काही तासच मिळतील. आईला फार न चालवता काय बघता येईल?

तिसवाडीची_सून: पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागते, होडी वगैरे नाही. जुने शहर तिथून जवळच. एक तीनचाकी सायकलरिक्षा करा, भाव आधी ठरवा, आणि आईबाबांना आरामात फिरवून आणा. लिटल इंडियाजवळ क्वीन स्ट्रीटला मारियम्मनचे देऊळ आहे, १८३३ सालचे, आईंना आवडेल. पण दुपारी दारे बंद असू शकतात, म्हणून उतरल्या उतरल्या आधी तेच करा. चहा-इडली त्याच गल्ल्यांत शिवराक मिळते. केक लोक सी ह्या डोंगरावरच्या बौद्ध देवळाचे फोटो बघून मोह होईल, पण तिथे पायऱ्या फार आहेत. ते तुम्ही आणि लेक जा, बाबांना धक्क्यावरच्या बाकावर दुर्बीण देऊन बसवा.