‘वेळ’ या शब्दाचा पहिला अर्थ कोणता?

एका विद्यार्थ्याने निबंधात ‘आम्ही संध्याकाळी वेळेवर फिरायला गेलो’ असे लिहिले. त्याला समुद्रकिनारी गेलो असे म्हणायचे होते. बाईंनी ते चूक ठरवले, घरच्यांनी कोकणीतल्या ‘दर्यावेळ’ (समुद्रकिनारा) शब्दाचा दाखला दिला, आणि अखेर ‘कोशात काळ हा अर्थ पहिला आहे, म्हणून तोच खरा’ असा निवाडा झाला. निबंधापुरते बाईंचे म्हणणे मला मान्य आहे, कारण प्रमाण मराठीच्या वाचकाला त्या वाक्यात किनारा दिसणार नाही. निवाड्यासाठी दिलेले कारण मात्र टिकणारे नाही.

अर्थाला मिळणारा अनुक्रमांक कोशकाराने कोणती पद्धत धरली यावर ठरतो. ऐतिहासिक पद्धतीच्या कोशात सर्वांत जुना अर्थ आधी येतो, मग तो आज कोणी वापरत नसला तरी. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, ज्याचा पहिला खंडांश 1884 साली निघाला, याच तत्त्वावर रचलेला आहे. याउलट 1987 सालच्या कोबिल्ड या इंग्रजी कोशाने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा मोठा साठा संगणकावर तपासून रूढ अर्थांना अग्रक्रम दिला. भाषा शिकणाऱ्याला दुसरी पद्धत सोयीची पडते, तर जुने साहित्य वाचणाऱ्याला पहिली.

आता मूळ संस्कृत ‘वेला’ पाहू. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात हा शब्द नानार्थवर्गात, म्हणजे अनेकार्थी शब्दांच्या भागात येतो आणि तेथे शब्दांची रचना अंत्य व्यंजनानुसार असल्यामुळे तो लकारान्त शब्दांमध्ये सापडतो. समुद्राच्या पाण्याची भरती-ओहोटी, काळ आणि मर्यादा हे अर्थ त्यात एकाच ओळीत बसवलेले आहेत, आकडे न घालता. ग्रंथ पद्यात असल्याने कोणता अर्थ आधी यावा हे ठरवण्यात छंदाचाही हात असणार, त्यामुळे तेथील क्रमावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायला कोणी जाऊ नये. मोनिअर-विल्यम्स यांच्या 1899 सालच्या संस्कृत-इंग्रजी कोशात मात्र सीमा हा अर्थ आरंभी आहे, मग जमीन आणि समुद्र यांची सीमा म्हणजे किनारा, आणि त्यानंतर काळाची सीमा म्हणजे समय. म्हणजे तो कोश प्रमाण मानला तर विद्यार्थ्याचा किनारा बाईंच्या काळाच्या आधी लागतो! 

घोटाळ्याचे खरे मूळ मला विभक्तीत दिसते. मराठीत ‘वेळ’ पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही: ‘मला वेळ मिळाला नाही’ यात कालावधी आहे, ‘निघायची वेळ झाली’ यात नेमका क्षण आहे, आणि म्हणूनच आपण ‘थोड्या वेळात’ पण ‘ठरलेल्या वेळेत’ असे म्हणतो. कोकणीत वक्तशीर माणूस ‘वेळार’ पोहोचतो आणि किनाऱ्यावर जाणारा ‘वेळेर’ जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. मराठीतले ‘वेळेवर’ वक्तशीरपणाने आधीच अडवून ठेवले आहे, आणि घरात कोकणी व शाळेत मराठी अशा मुलाने ‘वेळेर’चे सरळ ‘वेळेवर’ केले.

कोशात हे कसे नोंदवावे? काळ आणि किनारा हे एकाच मुळातून फुटलेले अर्थ असल्याने नोंद एकच हवी, तिच्यात लिंगानुसार दोन भाग पाडावेत आणि किनाऱ्याचा अर्थ स्त्रीलिंगी भागात ‘(गो.)’ म्हणजे गोव्याकडचा अशा प्रादेशिक खुणेसह यावा. ‘सूर’ या शब्दाचे तसे करता येणार नाही. गाण्यातला सूर ‘स्वर’पासून आला आणि रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावरून उतरवतो ती सूर (माडी) ‘सुरा’पासून, त्यामुळे उच्चार सारखा असला तरी त्यांच्या नोंदी स्वतंत्रच असायला हव्यात, आणि अशा दोन नोंदींपैकी आधी कोणती छापली याला तर अर्थक्रमाइतकेही महत्त्व नाही.